बेण्याला जपतो, बाळंतिणीला जपतो का?



दर अंकात या पानावर मी लागणीबद्दल, खताच्या हप्त्यांबद्दल, नाहीतर खोडवा राखण्याबद्दल लिहितो. या खेपेला विषय वेगळा आहे. गरोदरपणात, बाळंतपणात आणि एरवीही बायकांना होणारा जंतुदोष, हा तो विषय. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. पण जंतू एका जिवातून दुसऱ्यात कसा जातो, हे सभासदांना सांगण्यातच माझी नोकरीची वीस वर्षे गेली. आणि मागच्या गळीत हंगामात अशी एक गोष्ट घडली, की हे लिहिल्याशिवाय राहवेना.

एका सभासदाच्या बेणे मळ्यात तोड चालू होती. मी आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून आलो होतो, की बांधावर जंतुनाशकाच्या पाण्याची बादली ठेवा आणि कोयता त्यात बुडवूनच बेणे तोडा. दुसऱ्या दिवशी पाहायला गेलो तर बादली जागेवर होती. मी खूश झालो. निघताना स्लिपबॉय हळूच म्हणाला, "साहेब, टोळीतल्या एका बाईला लई ताप भरलाय. तीन दिस झालं बाळंत होऊन."

खोपीत जाऊन पाहिले. बाई थंडीने कुडकुडत होती, बोलणे धड नव्हते. बाळंतपण रात्री तिथेच झालेले. नाळ कशाने कापली म्हणून विचारले, तर सासू म्हणाली, "कोयत्यानं. दुसरं काय हुतं?" कोयता धुतला होता का? "धुवायला येळ कुठं हुता?" कारखान्याची जीप होती म्हणून तिला ग्रामीण रुग्णालयात नेता आले. बाई वाचली, बाळही वाचले. पण परतताना माझ्या डोळ्यापुढे एकच गोष्ट राहिली. उसाच्या टिपरीसाठी मी बादली ठेवायला लावली. त्याच फडात, त्याच कोयत्याने नाळ कापली गेली, आणि खोपीत कोणी गरोदर आहे का, हे विचारायचे मला सुचले नव्हते.

रोग कोयत्याबरोबर चालतो

खोडवा खुरटण्याचा रोग तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. बाहेरून पाहाल तर ऊस बरा दिसतो, पान हिरवे असते. पण खोडव्यात फुटवा बारीक, कांडी आखूड आणि टनेज घटलेले. त्याचा जंतू उसाच्या रसात असतो. रोगट ऊस तोडलेला कोयता निरोगी उसाला लागला, की रोग तिकडे गेला. म्हणून तर आपण कोयता जंतुनाशकात बुडवतो आणि बेणे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २ तास ठेवतो. हे तुम्हाला पटायलाही काही वर्षे लागली. "डोळ्याला दिसत नाही तो रोग कसला?" असे मला भर सभेत विचारले गेले आहे.

माणसाची आणि उसाची बरोबरी करायची नाही. पण जंतूची चाल तीच असते. तो हाताने जातो, हत्याराने जातो, पाण्याने आणि कापडाने जातो. बाळंतपणाच्या बाबतीत ही गोष्ट जगाला कशी कळली, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

व्हिएन्नाचे दोन वॉर्ड

ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरी मोठे सरकारी रुग्णालय होते. तिथे बाळंतपणाचे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या वॉर्डात ४,०१० बाळंतपणे झाली आणि ४५९ बायका दगावल्या, म्हणजे शंभरात अकराहून जास्त. दुसऱ्या वॉर्डात ३,७५४ बाळंतपणांत १०५ दगावल्या, म्हणजे शंभरात तीनहून कमी. रुग्णालय एकच, गाव एकच, हवाही एकच. मग फरक कशाचा? बायकांना तो फरक माहीत होता. पहिल्या वॉर्डात टाकू नका म्हणून त्या पाया पडत.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर या कोड्याने बेचैन झाला. त्याने एकेक कारण तपासले आणि बाजूला टाकले. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा एक डॉक्टर मित्र वारला. प्रेत चिरताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याचे शव तपासले तर आत नेमक्या त्याच खुणा, ज्या बाळंतज्वराने मेलेल्या बायकांत दिसत. सेमेलवाइसच्या डोक्यात उजेड पडला. विद्यार्थी सकाळी प्रेते चिरतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणी तपासायला येतात. सुईणी प्रेतांना हात लावत नाहीत. फरक तिथे आहे.

मे महिन्यात त्याने हुकूम काढला, की प्रत्येकाने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुऊनच बाळंतिणीला हात लावायचा. आपण विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरचीच ही जात. पुढच्या वर्षी, १८४८ साली, त्याच पहिल्या वॉर्डात ३,५५६ बाळंतपणांत ४५ बायका दगावल्या. शंभरात अकराहून जास्त होत्या, त्या सव्वावर आल्या. खर्च काय, तर चुना आणि पाणी.

लोकांनी त्याला डोक्यावर घेतले असेल, असे वाटेल. तसे झाले नाही. जंतू ही गोष्ट तेव्हा सिद्ध झालेली नव्हती, आणि आपल्याच हातांनी बायका मेल्या हे कबूल करणे मोठमोठ्या डॉक्टरांना जड गेले. सेमेलवाइसला व्हिएन्ना सोडावे लागले. १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला. पुढे १८७९ साली पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराचा जंतू दाखवून दिला. माळेत ओवल्यासारखे बारीक गोल मणी, असा तो दिसतो. १९३६ साली लंडनच्या लिओनार्ड कोलब्रुक या डॉक्टरांनी सल्फा जातीच्या औषधाने बाळंतज्वराच्या बायका बऱ्या होतात हे प्रसिद्ध केले. त्यानंतर पेनिसिलिन आले.

अजून संपलेले नाही

आता दवाखाने झाले, औषधे आली, मग ही जुनी कथा कशाला? तर जगात २००३ ते २००९ या काळात झालेल्या मातामृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेने हिशेब केला. त्यात दर शंभरात सुमारे ११ मृत्यू जंतुदोषाने झालेले निघाले. रक्तस्राव आणि रक्तदाबाचे विकार यांच्या खालोखाल हेच थेट कारण.

संशोधन चालूच आहे. २०२३ साली एका मोठ्या पाहणीचा निकाल आला. सात देशांतील २९ हजारांवर बायका त्यात होत्या, आणि आपल्या नागपूर व शेजारच्या बेळगाव भागातल्याही होत्या. कळा सुरू असताना निम्म्या जणींना अझिथ्रोमायसिन या औषधाची एकच मात्रा तोंडाने दिली, निम्म्या जणींना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. औषध न मिळालेल्यांत रक्तात जंतुदोष होणे किंवा मृत्यू येणे, याचे प्रमाण शंभरात २.४ होते. औषध मिळालेल्यांत ते १.६ झाले. बाळांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही. ही गोळी दुकानातून आणून घरी द्यायची नाही, बरे का. ते डॉक्टरांचे काम. सांगायचा मुद्दा असा, की दवाखान्यात झालेल्या बाळंतपणातही जंतुदोषाचा धोका उरतोच आणि तो कमी करता येतो.

लागणीआधी बेणे तपासतो तसे

गरोदरपणातले दोन दोष असे आहेत, की वरून काही दिसत नाही.

पहिला लघवीतला जंतुदोष. गरोदर बाईच्या लघवीत जंतू असूनही तिला जळजळ होत नाही, असे पुष्कळदा असते. वेळेवर औषध दिले नाही तर तो वर मूत्रपिंडात चढतो, थंडीताप येतो आणि दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका वाढतो. फडात काम करणारी बाई दिवसभर पाणी पीत नाही. का? तर लघवीला जायला आडोसा नाही. पाणी कमी आणि लघवी तुंबलेली, म्हणजे जंतूला आयतेच रान मोकळे.

दुसरा दोष आईकडून पोटातल्या बाळाला जाणारा. उपदंश म्हणजे गरमी, एचआयव्ही आणि काविळीचा ब प्रकार, हे त्यातले. रोगट बेण्याबरोबर रोग नव्या लागणीत जातो, तसेच हे. पण इथे एक मोठा दिलासा आहे. एचआयव्ही असलेल्या आईला उपचार मिळाला नाही, तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. वेळेवर उपचार मिळाला तर ती पाचाच्या खाली आणता येते. उपदंश तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. त्यासाठी रक्त तपासले पाहिजे, आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट तपासतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांच्या तपासणीचा खास दिवस असतो. २०१६ पासून ही योजना चालू आहे.

धनुर्वाताचेही सांगतो. घाणेरड्या हत्याराने नाळ कापली, वर राख किंवा शेण लावले, की बाळाला धनुर्वात व्हायचा आणि आठवड्याभरात बाळ जायचे. गरोदरपणातली इंजेक्शने, दवाखान्यातली बाळंतपणे आणि स्वच्छ नाळ यांमुळे हा प्रकार इतका कमी झाला, की २०१५ साली भारताने बाळंतपणातल्या व नवजात बाळांच्या धनुर्वातावर मात केल्याचे जाहीर झाले. पण जंतू मातीत आहेच. इंजेक्शन चुकले आणि कोयता आला, की तो परत हजर.

न बोललेले दुखणे

आता जी गोष्ट घरात बोलली जात नाही ती. अंगावरून पांढरे जाणे, खाज, ओटीपोटात आणि कमरेत दुखणे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली आणि जगभर तिची चर्चा झाली. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोग निघाले, एकेकीला सरासरी साडेतीनाच्या वर दुखणी, आणि त्यांतली निम्मी जंतुदोषाची. यापूर्वी कधीतरी तपासणी झालेल्या बायका शंभरात फक्त ८. म्हणजे गावच्या गाव दुखणे अंगावर काढत होते आणि कोणी विचारले नव्हते.

पांढरे जाणे हे दर वेळी रोगच असते असे नाही. पाळीच्या मागेपुढे थोडा स्राव होणे हे शरीराचे नेहमीचे काम आहे. पण त्याला वास येत असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, खाज सुटत असेल, ओटीपोट दुखत असेल, तर तो जंतुदोष समजावा. तो बहुधा गोळ्या-औषधांनी बरा होतो. काही दोषांत नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. नुसत्या बायकोला औषध आणि नवरा तसाच, म्हणजे एका सरीला औषध मारून शेजारची सरी सोडल्यासारखे आहे.

अशा दुखण्यावर पिशवी काढून टाकायचा सल्ला कुणी देत असेल तर सावध व्हा. २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) सबंध महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात तीनहून कमी होते. मग या बायकांच्याच नशिबी हे का? पाळीचे चार दिवस आणि ओटीपोटाचे दुखणे हंगामात परवडत नाही. खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि कोयता म्हणजे जोडी, एक बसली की दोघांचे काम बसते. वर उचल फेडायची असते. त्यात कोणीतरी भीती घालतो, की पिशवी नाही काढली तर कॅन्सर होईल.

सभासदहो, पिशवी काढणे काही वेळा गरजेचेच असते. कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अशी कारणे असतात. पण गोळ्यांनी जाणाऱ्या जंतुदोषासाठी ती काढणे म्हणजे मावा पडला म्हणून फडच पेटवणे. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तिशीतल्या बाईची पाळी कायमची जाते, हाडे ठिसूळ होतात, कष्टाचे काम झेपेनासे होते.

कॅन्सरची भीती असेल तर त्याचा मार्ग तपासणी हा आहे, आणि तो आपल्याच भागात सिद्ध झाला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गावोगाव ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांना घेऊन अभ्यास झाला. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत या विषाणूची एकदा तपासणी करून पुढचा उपचार केला, तिथे आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच तपासणी, तीही खेड्यात!

आपण काय करायचे

१. फडाजवळ टोळीचा तळ पडतो तिथे पिण्याचे स्वच्छ पाणी आणि बायकांसाठी आडोसा असावा. चार बांबू आणि जुने ताडपत्रीचे कापड कोणाही सभासदाच्या घरी निघते.

२. टोळी आली की गरोदर बायकांची नावे गावच्या आशाताईंना कळवावीत. बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड तिच्याबरोबर हवे. गाव बदलले तरी तपासणी आणि इंजेक्शन चुकता कामा नये.

३. कळा सुरू झाल्या की १०८ किंवा १०२ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. उजाडायची वाट पाहू नये.

४. गाडी येण्याआधीच बाळंतपण झाले, तर पाच स्वच्छता पाळाव्यात: साबणाने धुतलेले हात, धुतलेले अंथरूण, नवे ब्लेड, उकळलेला दोरा आणि नाळेला काहीही न लावणे.

५. बाळंतपणानंतर ४२ दिवस, म्हणजे सहा आठवडे, डोळ्यांत तेल घालून पाहावे. ताप, थंडी वाजणे, घाण वास येणारा स्राव, ओटीपोटात दुखणे, धाप लागणे, बरळणे, यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी दवाखाना. "अंग मोडलंय, होईल बरं" म्हणून थांबू नये. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार पडले असेल किंवा तापले असेल, तरीही तेच.

६. पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

७. दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये. मुकादम आणि वाहतूकदार यांच्याशी हे गट सभेत बोलून ठरवू या. मी स्वतः विषय मांडणार आहे.

आणि हे सगळे फक्त टोळीसाठी आहे असे समजू नका. आपल्या घरच्या लेकीसुनांनी तरी कमरेचे दुखणे किती वर्षे अंगावर काढले, हे एकदा विचारून पाहा. पुरुषाने विचारले तर सांगणार नाहीत. सासूबाईंनी विचारावे, आणि नवऱ्याने नुसते बरोबर दवाखान्यात जावे.

यंदाच्या हंगामापासून आमच्या गट कार्यालयाने टोळीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला आहे. कोयते किती, गाड्या किती, याच्या पुढे 'गरोदर व बाळंतीण' असे लिहिले आहे. स्लिपबॉय तो भरेल आणि त्याच दिवशी आशाताईंना कळवील. तुमच्या फडात टोळी उतरली आणि हा रकाना कोरा दिसला, तर आमच्या माणसाला जरूर टोका. बादली ठेवली का, हे मी विचारीनच. हेही विचारीन.

कळावे,

आपला,
ऊस विकास अधिकारी